टेबलाला काय लावायचं

"माणसाने आयुष्यात निदान एक वस्तू स्वतःच्या हाताने घडवावी, त्याशिवाय त्याला स्वतःची खरी उंची कळत नाही," असं मी म्हणालो आणि स्वतःच्या हाताने घडवलेल्या टेबलाला टेकलो. टेबल डावीकडे कललं. त्यावरचा चहाचा कप माझ्या आधी फरशीवर पोचला.

उज्ज्वलाने फडकं आणलं. पुसता पुसता तिने टेबलाखाली वाकून पाहिलं.

"चार पायांच्या चार उंच्या आहेत," ती म्हणाली. "यातली खरी कुठली?"

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात एका कॉलेजात कॉस्टिंग शिकवत होतो. आम्ही जातीने सुतार. पण आजोबांनी रंधा खाली ठेवून खडू उचलला, वडिलांनी तो शेवटपर्यंत सोडला नाही, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी इंटरनेटवर एका दाढीवाल्या परदेशी माणसाला रंधा मारताना पाहीपर्यंत घरात कुणाला काही आठवलं नव्हतं. मला एकाएकी रक्ताची हाक वगैरे ऐकू आली. पुस्तकांचं कपाट घरीच करायचं ठरलं. आता आपल्याकडचा सुतार जमिनीवर बसतो आणि लाकूड पायाच्या अंगठ्याने दाबून धरतो. माझा गुडघा मांडी घालायला तयार नव्हता. तेव्हा आधी उभं राहून काम करायचं टेबल करायचं आणि मग त्या टेबलावर कपाट, असा बेत. लाकूड शिरोलीच्या एमआयडीसीतून आणलं. यंत्रं ज्या खोक्यांतून येतात ती फोडून विकतात, ते पाइन. त्यामुळे टेबलाच्या एका पायावर उघडी छत्री छापलेली होती, दुसऱ्यावर काचेचा पेला, आणि तिसऱ्यावर 'ही बाजू वर' सांगणारे दोन बाण होते. ते खाली पाहत होते.

"आप्पांना बोलावू," उज्ज्वला म्हणाली.

आप्पा म्हणजे माझे सासरे, धोंडीराम सुतार. अडतीस वर्षं ते एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो ते करत. नमुना केसभर चुकला तर टनभर लोखंड भंगारात जातं. सासूबाई गेल्यापासून ते वडगावला एकटे राहत होते. त्या श्रावणात त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि अंगणात पटाशीला धार लावायला बसले. धार उत्तम लागली. पातेलं वितळलं आणि शेजाऱ्यांनी स्वयंपाकघराची खिडकी फोडून गॅस बंद केला.

तेव्हापासून उज्ज्वलाने त्यांना चारदा सांगून पाहिलं होतं की आमच्याकडे येऊन राहा. चारही वेळा उत्तर एकच.

"लेकीच्या घरी बाप म्हंजे पाव्हणा. काम असलं तर येईन, काम झालं की जाईन. बिनकामाचा बसून तुझी भाकरी मोडायला मला जमायचं न्हाई."

म्हणून तिने फोनवर एवढंच सांगितलं, "आप्पा, यांनी टेबल केलंय. डुगडुगतंय."

"किती?"

"कप राहत नाही."

"उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले. गौरी-गणपतींचं विसर्जन आदल्याच दिवशी झालं होतं. हातात एक कापडी पिशवी, तिच्यात दोन शर्ट, एक धोतर आणि काटकोन बघायचा पितळी गुण्या. गुण्या त्यांनी बाहेर काढला. पिशवी दाराशेजारच्या खुंटीला अडकवली, आणि ती तिथेच राहिली. आप्पा शर्ट पिशवीतून काढून घालत आणि धुऊन वाळला की घडी करून पिशवीतच ठेवत. घरात तीन कपाटं होती.

सासऱ्याने जावयाला नावं ठेवायची नसतात, हा नियम आप्पांनी आमच्या लग्नापासून पाळला होता. लाकडाविषयी खोटं बोलायचं नाही, हा नियम त्याहून जुना. या दोन नियमांच्या मधे जी जागा उरते तिच्यात उभं राहून ते बोलत, आणि तेही माझ्याशी नाही, उज्ज्वलाशी.

त्यांनी टेबलाला दोन प्रदक्षिणा घातल्या. गुण्या चारी कोपऱ्यांना लावला. मग गुण्याच बरोबर आहे ना, हे भिंतीच्या कोपऱ्याला लावून पाहिलं.

"उजू, जावईबापूंनी खिळं भारीतलं वापरल्यात."

"आणि?"

"आणि भरपूर वापरल्यात."

मी दोन दिवस कॉलेजात होतो. परत आलो तर टेबल पर्वतासारखं उभं.

"काय केलंत आप्पा?"

"तुमचंच हाय सगळं, जावईबापू. मी फकस्त पाय बदललं."

"कितवा?"

"चारी. आन् वरच्या फळ्या. आडवी पट्टी तुमचीच ठेवलीया."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुंटीवरून पिशवी काढली. "काम झालं. येतो मी." उज्ज्वला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत होतो, आणि मनात आलं ते बोलून गेलो.

"पण पॉलिश राहिलंच की."

आप्पांचा हात थांबला. "व्हय," ते म्हणाले. "ते राहिलं." पिशवी परत खुंटीला गेली. "पॉलिश झालं की जातो."

त्या दिवशी मला जेवणात दोन भाज्या आणि शिरा होता. टेबल सरळ झाल्याचा आनंद असणार, असं मी धरून चाललो.

आता पॉलिश हे काम माझ्या हातात होतं, आणि माझ्या हातात आलेलं काम मी आधी तक्त्यात घालतो. मी तीन संध्याकाळी वाचन केलं आणि सहा ओळींचा तक्ता केला. वाळायला लागणारा वेळ, टिकाऊपणा, वास, डाग, दुरुस्ती असे रकाने. सगळ्यात वर आलं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. काचेसारखा पारदर्शक थर बसतो.

"सकाळी एक हात, दुपारी दुसरा," मी जेवताना जाहीर केलं. "सहा तासांत वाळतं. पुढची दहा वर्षं बघायला नको."

"वास येतो त्याला," उज्ज्वला म्हणाली.

"सहा तासच."

"मला डोकं दुखतं."

मी आप्पांकडे वळलो. त्यांनी घास संपवला.

"पीयू चांगलंच असतंय. काचंगत दिसतं." मग थोडं थांबून, "उजू, काचंवर पटाशी चालवताना तू कुणाला बघितलंयस?"

"नाही, आप्पा."

"मी बी न्हाई."

तक्त्यात दुसरी होती चपडी. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि कापडाच्या बोळ्याने लावायचे. पॅटर्न शॉपमध्ये प्रत्येक नमुन्याला हेच लागे, त्यामुळे आप्पांचा हात त्यावर डोळे मिटून चालला असता. "चपडी बघता बघता वाळती," ते म्हणाले. मी म्हटलं, मग उद्याच उरकू.

"उद्यापासून पितृपक्ष," उज्ज्वला म्हणाली. "पंधरा दिवस नवीन काही नाही."

"अगं, मागच्या पितृपक्षात आपण फ्रिज घेतला."

"म्हणून तर तसा आवाज करतो."

वीस वर्षांच्या संसारात पितृपक्षाचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. पण फ्रिज खरंच आवाज करत होता, त्यामुळे मुद्दा खोडता आला नाही.

पितृपक्षात नवीन काम नाही, पण जुन्या कामाची तपासणी चालते, असा आप्पांनी अर्थ काढला. माझ्या जुन्या पायांचे त्यांनी सहा सारखे तुकडे कापले आणि प्रत्येकाला वेगळं लेपन केलं: चपडी, वॉर्निश, मेण, पीयूचा नमुना, जवसाचं तेल. सहावा कोरा. तो कशाला, असं मी विचारलं, तर "असू द्या" म्हणाले. त्या तुकड्यांवर उकळत्या चहाचा पेला पाव तास ठेवायचा, मग पाण्याचे थेंब, मग फेविकॉलचा ठिपका, मग हातोडीचा एक ठोका. निकाल मागच्या बाजूला पेन्सिलने, तारखेसह. त्या पंधरवड्यात आमच्या घरी चहा आधी लाकडाला मिळायचा, मग माणसांना. चपडीवर पेल्याचं पांढरं कडं उठलं. मेण वितळलं. वॉर्निशचा हातोडीखाली टवका उडाला. उज्ज्वला रोज सकाळी बापाशेजारी पाटावर बसून निकाल ऐके.

"एकदा करून कसं कळणार आप्पा? दुधाच्या चहाने निराळं होईल, कोऱ्या चहाने निराळं."

"खरं हाय. उद्या कोरा कर."

तिच्यात ही शास्त्रीय वृत्ती आहे हे मला माहीत नव्हतं. मला घाई होती. घटस्थापना झाली तरी टेबल उघडंच. नवव्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि हत्यारांना विश्रांती. त्याच्या आत टेबल चकचकीत व्हावं, वर नवी करवत मांडावी आणि पूजेचा फोटो स्टाफरूममध्ये दाखवावा, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. पाचव्या माळेला मी कुणाला न विचारता पीयूचा मोठा डबा आणला आणि जिन्याखाली ठेवला. सहाव्या माळेला जिन्याखाली डबा नव्हता.

"डबा?"

"शेजारच्या कुलकर्णीवहिनींना दिला," उज्ज्वला कोथिंबीर निवडत होती. "त्यांच्या दाराला हवा होता."

"दार? त्यांचं दार लोखंडी आहे."

"आतलं."

आप्पा गच्चीवर तुकडे उन्हात लावत होते. मी आवाज खाली ठेवला, कारण जावयानेही काही नियम पाळायचे असतात.

"उज्ज्वला, वासाचं मी समजू शकतो. पितृपक्षही समजू शकतो. पण त्या पीयूत वाईट काय आहे, ते मला एकदा सांग. सगळ्या तक्त्यात सगळ्यात लवकर वाळणारी वस्तू आहे ती."

तिने कोथिंबिरीची काडी मोडली.

"किती तासांत वाळतं म्हणालात?"

"सहा."

"मग सातव्या तासाला आप्पा वडगावच्या गाडीत असतील. आणि आठव्या तासाला गॅसवर दूध." तिने जुडी खाली ठेवली. "कॉस्टिंग शिकवता ना तुम्ही? घाला हे तुमच्या तक्त्यात. रकाना वाढवा एक."

मी खुंटीकडे पाहिलं. पिशवीतून एका शर्टाची बाही बाहेर आली होती. जाता-येता जवळजवळ चार आठवडे मी ती पाहत होतो आणि मला वाटत होतं की म्हाताऱ्याला टापटीप नाही.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"काही करू नका. तेवढं जमेल तुम्हाला."

खंडेनवमीला उज्ज्वलाने टेबलावर पाट मांडला. पाटावर आप्पांच्या पटाश्या, गुण्या, माझी करवत, तिची विळी, आणि माझ्या पोटापाण्याचं हत्यार म्हणून कॅल्क्युलेटर. सगळ्यांना हळदकुंकू लागलं. कॅल्क्युलेटरच्या आठवर अक्षता अडकली. आप्पांनी नमस्कार केला, कोऱ्या फळीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळले.

"नमुनं सगळं झालं, जावईबापू. आता तुमी म्हणाल त्ये. उद्या सकाळी चपडी मारून देतो. दुपारी सोनं वाटायचं, आन् संध्याकाळच्या गाडीनं मी निघतो."

उज्ज्वलाच्या हातात ताट होतं. तिने ते खाली ठेवलं नाही की पुढे केलं नाही. निरांजनाची वात तेवढी हलत होती.

काही करू नका असं मला सांगितलेलं होतं. पण आता काही न करणंही अवघड झालं. चपडी म्हटलं तर उद्या संध्याकाळ. पीयू कुलकर्ण्यांकडे. तिसरं सुचवायला माझ्याजवळ ज्ञान नव्हतं, आणि एव्हाना ते तिघांनाही माहीत होतं. मग मी एक प्रश्न विचारला. मला वेडी आशा होती की ते एखाद्या अशा वस्तूचं नाव घेतील जी कारखाने बंद पडल्यापासून मिळतच नाही, आणि ती शोधण्यात दिवाळी निघून जाईल.

"आप्पा, माझं जाऊ द्या. तुमच्या पॅटर्न शॉपमध्ये अडतीस वर्षं टेबलं होती. त्या टेबलांना काय लावत होता? तेच लावायचं. दुसरं काही नको."

लाकडाविषयी विचारलं तर आप्पा एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देत. आता त्यांनी गुण्या उचलला, त्यावरचं कुंकू अंगठ्याने पुसलं, परत ठेवला. मुलीकडे पाहिलं. खुंटीकडे पाहिलं. कोरा तुकडा खिडकीत होता. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तेल," ते म्हणाले.

"कसलं?"

"जवसाचं." त्यांनी पाटावरची करवत सरळ केली. "पहिला आठवडा रोज एक हात. मग महिनाभर आठवड्याला. मग वर्सभर महिन्याला. मग वर्सातनं एकदा, खंडेनवमीच्या आधी."

"किती वर्षं?"

"टेबल हाय तवर."

"हे सोपं आहे," मी म्हणालो. "हे तर मलाही—"

उज्ज्वलाने माझ्या पायावर पाय दिला. ताट हातात असूनही नेम अचूक होता.

"—मला जमणार नाही," मी म्हणालो.

"त्यांचं काम न्हाई त्ये," आप्पा जमिनीकडे पाहत म्हणाले. "तेल लावायला हात लागतो. कमी झालं तर भिनत न्हाई, जास्ती झालं तर चिकटतं. चिंधीचा बोळा करून फेकली तर आपसूक पेटती. मान्साला म्हाईत पायजे."

"म्हणजे कुणीतरी माहितीचं माणूस इथं लागणार," उज्ज्वला म्हणाली.

"लागणार."

"कायमचं?"

"आता टेबल केलंय म्हटल्यावर," आप्पा म्हणाले.

उज्ज्वलाने ताट ठेवलं. खुंटीवरची पिशवी काढली, दोन्ही शर्ट आणि धोतर आतल्या कपाटात नेऊन ठेवलं, आणि झेंडूची फुलं आणायची राहिलीत म्हणत रिकामी पिशवी घेऊन मंडईत गेली. ती पिशवी पुढे भाजीचीच झाली. आप्पांनी दोनदा विचारलं, कुठंय म्हणून. दोन्ही वेळा तिच्यात मेथी होती.

त्यानंतर तेल लागू लागलं. आठवडाभर रोज, महिनाभर दर रविवारी, मग महिन्याच्या पहिल्या रविवारी. आप्पा एका चिंधीने लावत, दुसरीने पुसत आणि दोन्ही चिंध्या दोरीवर पसरून वाळत घालत. लाकडाला मधासारखा रंग आला. वर्ष संपलं तेव्हा ते म्हणाले की कोल्हापूरची हवा दमट आहे, वर्षातून एकदा पुरायचं नाही, तिमाही करू. मी हो म्हणालो.

सहा वर्षांनी एका रविवारी आप्पांचे पॅटर्न शॉपमधले जोडीदार, इस्माईलचाचा, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. दोघे एकाच टेबलावर समोरासमोर तीस वर्षं काम केलेले. चाचा आले तेव्हा तेल चालू होतं. ते कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिले.

"काय करायलास रे धोंडीराम?"

"तेल."

"टेबलाला?" चाचा माझ्याकडे वळले. "सर, ह्याला काय झालंय? कामाच्या टेबलाला कोण तेल लावतं व्हय? आमच्या शॉपात कधी टेबलाला थेंबभर काय लावलं न्हवतं. हात पुसायचो त्याला, तेवढंच. खराब झालं की रंधा मारायचा, मोकळं. अडतीस वर्सं कोरं टेबल. इचारा की ह्यालाच."

आप्पांचा हात फळीवर थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ते सासऱ्यासारखे दिसले नाहीत.

मी डबा पुढे सरकवला. "आप्पा, हा कोपरा राहिला."

"व्हय," ते म्हणाले, आणि त्या कोपऱ्याला तेल लावलं.

"चाचा, चहा निवतोय," उज्ज्वला म्हणाली. "बिस्किट घ्या अजून एक."

आप्पा आमच्याकडे दहा वर्षं राहिले. ते गेल्यापासून तेल मी लावतो, तिमाहीच. पुस्तकांचं कपाट आम्ही त्या पहिल्याच दिवाळीत तयार विकत आणलं होतं. त्या टेबलावर आजवर एकही लाकूड कापलेलं नाही. आम्ही त्यावर कपड्यांना इस्त्री करतो.